बंबाच्या विरोधात सही केलेल्या माझ्या माणसांना

प्रति,
इंदूरात राहणाऱ्या, पण गावी वाडा नाहीतर शेत असलेल्या सर्व मराठी कुटुंबांस,

सप्रेम नमस्कार.

फाल्गुनात आपल्यातल्या बावीस घरांनी गावच्या नगर परिषदेला एक अर्ज दिला. नवा आगीचा बंब घेण्याचा प्रस्ताव रद्द करावा, अर्ध्या कोटीच्या घरातला हा खर्च एवढ्याशा गावाला झेपणारा नाही, शेवटी तो आमच्याच संपत्तिकरातून आणि समेकित करातून, म्हणजे सफाई-दिवाबत्तीसारख्या सेवांच्या एकत्रित करातून, निघणार, आणि इंदूर इतकं जवळ असताना गावाला स्वतःचा बंब हवाच कशाला, असा त्याचा मथितार्थ होता. मसुदा माझा होता. पहिली सहीही माझीच. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मजकूर नीट वाचलाही नसेल; मी हिशेब तपासण्यात जन्म घालवलेला माणूस, मी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, या भरवशावर तुम्ही सह्या केल्या. म्हणून हे पत्र मीच लिहायला हवं.

गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. सांवेर, देपालपूर, बेटमा, हातोद, गौतमपुरा, मानपूर, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही छोट्या नगर परिषदेला यातलं बरंचसं लागू पडेल, आणि इंदूरात बसून तिकडचा कर भरणारी आपली माणसं त्या सगळ्याच गावांची आहेत.

चैत्रात मी चुलतभावाकडे शेतावर गेलो होतो. गहू उभ्या उभ्या वाळून कडक झालेला. पंजाबहून आलेला हार्वेस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वावरात यायचा होता. दुपारी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. वारा पश्चिमेचा होता हे मला पक्कं आठवतं, कारण वाळत घातलेले पापड उडू नयेत म्हणून वहिनी त्यांवर जुनं लुगडं अंथरत होत्या. दोन शेतं पलीकडे डीपीजवळच्या तारा एकमेकींना लागल्या. ठिणगी मी पाहिली नाही. मला दिसला तो धूर, तोही बारीक, पांढरा, कुणीतरी चूल पेटवल्यासारखा. भाऊ मात्र बशी तिथेच टाकून धावला. त्याला कळलं होतं.

वाळल्या गव्हाची आग दिसण्याआधी ऐकू येते. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज, फक्त तो संपतच नाही, वाढत वाढत आपल्याकडे येतो. ओंब्यांची काळी पिसं वर चढतात आणि वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडतात, आणि जिथे पडतात तिथे नवी आग. वहिनी बारदानं हौदात बुडवून आम्हाला देत होत्या. ओलं बारदान जमिनीवर आपटायचं, चार हात जागा विझवायची, वळून पाहायचं तर आग मागून पुढे गेलेली. एकाने ट्रॅक्टरला पंजा लावून आगीच्या पुढ्यातला उभा गहूच मोडायला घेतला, मातीचा पट्टा पडावा म्हणून. एकाने फवारणीचा टँकर जोडला आणि तो भरायला मोटरीकडे पळाला, तर लाइट गेलेली. आग लागली की फीडर बंद करावाच लागतो, नाहीतर तुटलेल्या तारेखाली माणूस मरेल. पण त्याच क्षणी शिवारातल्या सगळ्या ट्यूबवेल मुक्या होतात. विहिरीत पाणी दिसत होतं आणि वर काढायला काही नव्हतं.

माझ्या मोबाइलवर पहिल्या फोनची वेळ आहे 2 वाजून 20 मिनिटं. गावचा जुना बंब परिषदेच्या आवारात उभा. का उभा, ते पुढे सांगतो. शेजारच्या गावचा बंब आधीच दुसऱ्या शिवारात पाणी मारत होता. तिसरीकडून गाडी निघाली आणि आमच्या बांधावर पोचली तेव्हा 3 वाजून 35 मिनिटं झाली होती. सव्वा तास.

गाडीत दोघंच होते, एक ड्रायव्हर आणि एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा. पोराच्या पायात स्लीपर होत्या. सकाळपासूनची ही त्यांची चौथी जागा. टाकीत पाणी तिसरा हिस्सा उरलेलं. त्याने होज ओढला आणि विहिरीजवळचा धुमसणारा निंब आणि वितळत चाललेला पीव्हीसीचा पाइप थंड केला, कारण विझवण्यासारखं तेवढंच शिल्लक होतं. वहिनींनी तांब्या पुढे केला तर त्याने आधी डोळ्यांवर पाणी मारलं, मग प्यायला. म्हणाला, "माँजी, हम तो फोन आते ही निकले थे." खरंच निघाले होते. दोष रस्त्याच्या लांबीचा होता. साडेचार हजार लिटरच्या टाकीची ती गाडी मुळातच जड. त्यात समोर मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग, आणि तीस-चाळीस किलोमीटर. उडून तर ती येणार नव्हती.

आता हिशेब, कारण तुमच्याशी मी हिशेबानेच बोललो होतो.

त्या दुपारी आठ-नऊ जणांचा मिळून साठेक बिघा गहू गेला. बिघ्याला दहा क्विंटल धरा, आपल्या काळ्या जमिनीत ही कमीच धरली. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये. म्हणजे साडेचौदा लाख. एक दुपार, एक शिवार. अशा चार दुपारी आणि बंबाची किंमत राख होऊन गेली. बंब निदान पंधरा वर्षं चालतो. पीकविम्यात नैसर्गिक आग आणि वीज पडणं येतं, तारांची ठिणगी नैसर्गिक की नाही यावर वाद सुरू होतो, आणि वादात पुढची पेरणी येऊन ठेपते. पटवारी पंचनामा करून गेलेत. आरबीसी 6-4 खाली, म्हणजे महसूल खात्याच्या मदतीच्या नियमांखाली, मिळेल ती मदत मिळेल. गहू मिळणार नाही.

नोकरीत असताना मी माळव्यातल्या कितीतरी नगर परिषदांची दफ्तरं तपासली. बंबाचं लॉगबुक हाती आलं की मी एकच भागाकार करायचो: वर्षाचा एकूण खर्च भागिले गाडी बाहेर पडल्याच्या वेळा. गाडी वर्षात पंधरा-वीसदा बाहेर पडलेली, आणि भागाकाराचं उत्तर एवढं मोठं यायचं की आक्षेप आपोआप लिहिला जायचा. 'वापराच्या मानाने खर्च अवाजवी.' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, गणती नाही. आपल्या अर्जातलं तिसरं कलम तेच आहे, फक्त मराठीतून.

लॉगबुकात तारखांचाही रकाना असतो. तो मी कधी नीट पाहिलाच नाही. आता डोळ्यांपुढे आणतो तर ती पानं लख्ख दिसतात: बहुतेक नोंदी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरपर्यंतच्या, आणि वेळ दुपारी बारा ते चार. गहू सगळ्या माळव्यात एकदमच वाळतो. वारा सगळीकडे दुपारीच सुटतो. हार्वेस्टर, भुसा मशीन, लोंबकळत्या तारा, वर कुणीतरी पेटवलेली नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट), सगळं त्याच पाच-सहा आठवड्यांत. "चार गावांत मिळून एक बंब ठेवा," असं आपण अर्जात सुचवलं होतं. वाचायला किती शहाणपणाचं वाटतं! पण चारही गावांना तो एकाच आठवड्यात, एकाच प्रहरी लागतो. सामाईक मोट चालते, कारण पाळी लावता येते. आगीला पाळी लावता येत नाही.

लोकसंख्येचंही तसंच. देशपातळीवरच्या अग्निशमन सल्लागार समितीचा मापदंड 50,000 लोकांमागे एक बंब असा आहे. तो शहराच्या मापाचा. आपली गावं वीस हजारांच्या आतबाहेरची. त्या हिशेबाने आपल्या वाट्याला दोन चाकं येतात. म्हणून छोटं गाव ऐपतीबाहेर जाऊन गाडी घेतं. माणसं मोजली तर ती परवडत नाही. किलोमीटर मोजले तर तिच्यावाचून भागत नाही.

"इंदूरचे बंब आहेत ना," हे वाक्य आपण राजेंद्रनगर, रामचंद्रनगर, सुदामानगरात बसून सहज बोलतो, कारण आपल्या घराला ते खरंच आहेत. मोती तबेल्याच्या अग्निशमन ठाण्याचा बंब मी लहानपणापासून पाहत आलोय. शहराची ही सेवा पोलिस खात्याकडे आहे, छोट्या गावात मात्र ती नगर परिषदेची जबाबदारी. 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत सातव्या क्रमांकावर लिहिलेलं आहे, आणि मध्य प्रदेशच्या 1961 च्या नगरपालिका अधिनियमात साधारण अग्नि कर हा करच वेगळा सांगितलेला आहे. म्हणजे आपण भरतो त्या करात या कामाचा वाटा गृहीतच धरलेला. नवं काही लादलं जात नाहीये.

शहराची गाडी गावाला येते तेव्हा शहरही तेवढं उघडं पडतं. 7 मे 2022 च्या पहाटे इंदूरच्या स्वर्णबाग कॉलनीत एका दुमजली इमारतीला आग लागली आणि सात माणसं गेली. घरातल्या आगीत पहिली पाच-सात मिनिटंच हाताशी असतात. अशा वेळी शहराची एक गाडी चाळीस किलोमीटरवर निंब थंड करत उभी असावी, हे आपल्याला चालेल? 6 फेब्रुवारी 2024 ला हरद्याच्या फटाका कारखान्यात स्फोट झाला तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांतून, इंदूर-भोपाळहून गाड्या धावल्या. शेजाऱ्याकडे गाडी असते तेव्हाच शेजारी धावून येऊ शकतो. आपण घेतली नाही तर उद्या आपणही कुणाच्या कामी येणार नाही. गौतमपुऱ्यात दिवाळीच्या पाडव्याला हिंगोट युद्ध होतं, तुर्रा आणि कलगी या दोन गटांचे लोक एकमेकांवर फटाक्याची दारू भरलेली हिंगोटाची फळं फेकतात, तेव्हा मैदानाच्या कडेला बंब आणि अँब्युलन्स उभ्या असतात. दिवाळीच्या त्याच रात्री बाकीच्या गावांतही फटाके उडतातच.

आता तो जुना बंब. "आहे तो दुरुस्त करून वापरा," असं मीच अर्जात लिहिलं होतं, आणि ते चुकीचं होतं. 1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि नगरपालिकांच्या, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांची नोंदणी संपते, नूतनीकरण होत नाही. लष्कर आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्या तेवढ्या त्यातून वगळल्यात. आपला बंब त्यात सापडला. इंजिन अजून सुरू होतं, पण नोंदणी आणि विम्याविना ती गाडी रस्त्यावर कुणी काढायची, आणि काही झालं तर निस्तरायचं कुणी? गावाकडे एकच गाडी होती, ती कागदावर मेली. प्रस्ताव आहे तो तिच्या जागी दुसरी आणण्याचा.

केंद्राची योजना आहे, हेही मला ठाऊक आहे. जुलै 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना सुरू झाली, त्यात आपल्यासारख्या राज्याने 25 टक्के घालायचे आहेत. प्रस्ताव राज्याकडून जातात. परिषदेने त्यासाठी जरूर लिहावं, मी स्वतः कागद तयार करून देईन. पण पुढचा चैत्र त्या फायलीसाठी थांबणार नाही.

माझी मुलगी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहते. तिथल्या बंबावर पगारी माणूस नाही. दुकानदार, शिक्षक, सुतार, भोंगा वाजला की हातातलं काम टाकून धावतात. मी तिला विचारलं, एवढ्याशा गावाने तिकडे दहा-दहा लाख डॉलरच्या गाड्या का घ्याव्यात? तिने घराच्या विम्याचे कागद पुढे केले. तिथे गावागावाच्या अग्निशमनाला 1 ते 10 अशी श्रेणी देतात. 1 सगळ्यात चांगली, आणि बंबाच्या ठाण्यापासून रस्त्याने पाच मैलांच्या पलीकडे घर असेल तर सर्वसाधारणपणे थेट 10. श्रेणी घसरली की विम्याचा हप्ता चढतो. म्हणून तिथला करदाता गाडीला सहसा नाही म्हणत नाही, कारण करात वाचवलेलं विम्यात जातं. आपल्याकडे घराच्या नाहीतर पिकाच्या विम्याला बंब किती लांब आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे गाडी असल्याचा फायदा कुणाच्याच वहीत उतरत नाही, आणि खर्च मात्र प्रत्येकाच्या बिलावर दिसतो. मी आयुष्यभर फक्त बिलंच तपासली.

तरीही मी आंधळेपणाने हो म्हणा असं सांगत नाही. गाडीच्या किमतीवर आपण भांडलो, पण ती पंधरा वर्षांवर पसरली तर वर्षाला साडेतीन लाखांच्या आत येते. खरा खर्च माणसांचा आहे. एका पाळीला निदान चार माणसं लागतात. तीन पाळ्या, सुट्ट्या, आजारपण धरलं तर चौदा-पंधरा. आउटसोर्सवर महिना बारा हजारांनी धरली तरी वर्षाला वीस लाखांच्या वर जातात. चुंगी क्षतिपूर्तीच्या, म्हणजे बंद झालेल्या जकातीपोटी सरकार देतं त्या, पैशातून आधीच पगार भागवणाऱ्या परिषदेला हे जमत नाही, म्हणून मग काय होतं ते मी दफ्तरात वर्षानुवर्षं पाहिलंय: कचऱ्याची गाडी चालवणारा दैनिक वेतनभोगीच बंबावर, सोबत जो हाताशी सापडेल तो. स्लीपर घातलेला तो पोरगा असाच तिथे आला होता. त्याला ना बूट, ना हेल्मेट, ना कुणी धड शिकवलेलं. भांडायचं असेल तर आपण त्याच्यासाठी भांडूया. तीन ड्रायव्हर कायमचे ठेवा, ज्यांना पंपही चालवता येतो. 15 मार्च ते 30 एप्रिल पूर्ण पथक ठेवा, तेवढ्यापुरती जादा माणसं घ्या. आणि गावातली वीस-पंचवीस तरुण मुलं होळीच्या आधी शिकवून तयार करा, मानधन द्या, बूट आणि विमा द्या. ही मुलं तशीही बारदान घेऊन धावतातच.

पाण्याचंही तसंच. या मापाच्या बंबाचा पंप मिनिटाला 1,800 लिटर फेकू शकतो. टाकी साडेचार हजारांची. पूर्ण जोराने सोडला तर अडीच मिनिटांत टाकी रिकामी, मग भरायला कुठे जायचं? आपल्या गावात हायड्रंट नाही. पाण्याच्या उंच टाकीला खालून मोठ्या तोंडाचा नळ काढला की लाइट नसतानाही बंब भरतो, हे काम गाडीच्या किमतीच्या मानाने काहीच नाही, आणि प्रस्तावात त्याचा उल्लेखही नाही. तो घालून घ्यायला हवा.

आणि गल्ल्या. चेसिस ठरवण्याआधी कुणीतरी टेप घेऊन पेठेतून फिरा. 1984 मध्ये इंदूरचा राजवाडा जळाला तो आपल्यातल्या अनेकांनी पाहिलाय. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे, आणि लाकूड कसं गेलं ते आपल्याला माहीत आहे. गावातले आपले वाडे त्याच बांधणीचे आहेत: सागाचे खांब, तक्तपोशी, माळ्यावर जुनी लाकडं आणि भुसा, त्यातून ओढलेल्या उघड्या वायरी. आमच्या वाड्यासमोरची गल्ली इतकी अरुंद की बैलगाडी आली तर माणसाने ओट्यावर चढायचं. मोठा बंब तिथे तोंडाशीच अडकेल. थोडी लहान टाकी चालेल, पण गाडी आत गेली पाहिजे.

आपण इंदूरात राहतो. आगीच्या वेळी आपण तिथे नसणार. तिथे असतील वाड्याची राखण करणारे म्हातारे काका-काकू, शेत बटाईने करणारा माणूस आणि त्याची पोरं. बिल आपल्या नावाने येतं आणि आग त्यांच्या दारात लागते. सही करताना ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझी सही मागे घेतल्याचा अर्ज मी सोमवारी परिषदेच्या सीएमओ (मुख्य नगरपालिका अधिकारी) साहेबांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. परिषदेची बैठक ज्येष्ठात आहे. ज्यांना सही मागे घ्यायची आहे त्यांनी रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी यावं, एकच कागद करू. त्यात चार मागण्या घालू: ड्रायव्हर, हंगामी पथक, टाकीचा नळ आणि गल्लीचं माप. या वर्षीचा समेकित कर मी पूर्ण भरून आलो आहे. ज्यांचा थकला असेल त्यांनी बैठकीच्या आधी भरून पावती सोबत आणावी, म्हणजे मागणी करताना आपली बाजू भक्कम राहील. ज्यांना अजूनही मी चुकतोय असं वाटतं त्यांनीही यावं. टेप मी आणतो, दुपारी गावी जाऊन पेठेच्या गल्ल्या मोजून येऊ.

आपला,
अर्जावर पहिली सही करणारा
रामचंद्रनगर, इंदूर